बाबांना निसर्गोपचार हवाय, दादाला केमो. शेवटच्या टप्प्यात तुम्ही कसं ठरवलंत?

केतकीचं_बन

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचत आले, लिहायला बसले ती आज, रात्रीच्या दीड वाजता.

बाबा ७१ वर्षांचे. पाठ दुखतेय म्हणून तपासण्या सुरू झाल्या आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याशी आहे, यकृतातही पसरलाय. ऑपरेशन होणार नाही हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. केमो देता येईल, त्याने आजार जाणार नाही पण वेळ मिळेल, म्हणाले. किती वेळ, तर "महिने", एवढंच.

दादा म्हणतो, उद्यापासून केमो सुरू करा. बाबा म्हणतात, मुळीच नाही. त्यांच्या मित्राने एका निसर्गोपचार केंद्राबद्दल सांगितलं होतं, तिथे मी त्यांना घेऊन गेले. तिथल्या गृहस्थांनी बाबांना पाऊण तास दिला. हात हातात घेऊन नाडी पाहिली, झोप कशी लागते विचारलं, लहानपणीची आजारपणं विचारली. मग सांगितलं, ९० दिवस फक्त भाज्या-फळांचे रस, रोज दोन वेळा कॉफीचा एनिमा आणि वेदनाशामकासकट सगळ्या गोळ्या बंद. शरीर स्वतःच बरं होतं, आपण मध्ये यायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. बाहेर पडताना बाबा जिन्याचा कठडा न धरता उतरले. निदान झाल्यापासून पहिल्यांदाच. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

रस सुरू झालेत. दादा आणि बाबा एकमेकांशी बोलत नाहीत. आई दोघांकडे बघते आणि स्वयंपाकघरात जाते. मला बाबांची उमेद मोडायची नाहीये आणि त्यांना फसूही द्यायचं नाहीये. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी सांगा, तुम्ही कसं ठरवलंत?

रानवाट

केतकी, आधी एकच विचारते. आजार बरा होण्यातला नाही, हे दुसऱ्या डॉक्टरांकडूनही पक्कं करून घेतलंत ना? विचारायचं कारण आमच्याच घरातलं आहे.

आईला स्तनाचा कॅन्सर झाला तेव्हा दुसरी स्टेज होती. ऑपरेशन आणि पुढची औषधं घेतली तर बरं होण्याची चांगली आशा होती. ती ऑपरेशनला घाबरली. ओळखीतल्या एकांनी लेप दिला, तो ११ महिने लावला. गाठ फुटून बाहेर आली तेव्हा "घाण बाहेर पडतेय, गुण येतोय" असं सांगितलं गेलं आणि आम्ही शिकलेसवरलेले लोक माना डोलावत राहिलो. पुढे जखमेला वास यायला लागला. नातवंडं जवळ आली की आई पदर घट्ट ओढून लांब सरकायची. परत हॉस्पिटलात गेलो तोवर कॅन्सर हाडांत उतरला होता. असाध्य आजार आमच्या घरी आला नव्हता, आम्ही तो असाध्य होऊ दिला.

नंतर मी वेड्यासारखं वाचत सुटले. २०१८ साली येल विद्यापीठातल्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला होता. न पसरलेल्या कॅन्सरच्या ज्या २८१ रुग्णांनी नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतले, त्यांना मृत्यूचा धोका अडीचपट होता. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाचपटीहून जास्त. तुमच्या बाबांचा आजार पसरलेला आहे, त्यामुळे हे आकडे तुम्हाला लागू नाहीत. पण हा धागा वाचणाऱ्या आणखी कुणाच्या घरी आजार पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात असेल, तर त्यांच्यासाठी लिहिते आहे. त्या टप्प्यावर दोन पर्याय नसतातच.

नीलपक्षी

रानवाट, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या बहिणीला आत्ताच पाठवते.

शरद_ऋतू

रानवाट यांचं सगळं मान्य करून मी दुसरी बाजू सांगतो. केतकी यांच्या दादाच्या जागी मी होतो.

वडिलांना फुफ्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज. पहिल्या केमोने गाठ थोडी आक्रसली, मग वाढली. दुसरी औषधं दिली, ती लागू पडली नाहीत. तिसऱ्यांदा डॉक्टर म्हणाले, "करून बघू शकतो." त्यातला "शकतो" मला ऐकूच आला नाही. वडील म्हणाले, पुरे झालं आता. मी म्हटलं, असं हरून कसं चालेल. हा शब्द मी वापरला, आणि एवढी वर्षं झाली तरी तो मला टोचतो. त्या केमोनंतर बाराव्या दिवशी पांढऱ्या पेशी घसरल्या, जंतुसंसर्ग झाला, आयसीयू, व्हेंटिलेटर. तोंडात नळी, बोलता येईना. सिस्टरने कागद-पेन दिलं. त्यांनी वाकड्यातिकड्या अक्षरात एकच शब्द लिहिला, "घरी". नेता आलं नाही. चार दिवसांनी गेले.

तो कागद माझ्याकडे आहे. औषधाने मारलं असं मी म्हणत नाही. पहिल्या केमोने त्यांना पाच चांगले महिने मिळाले, त्यात ते भावाला भेटून आले. माझी चूक एवढीच की कुठे थांबायचं हे ठरवायचा हक्क त्यांचा होता आणि तो मी घेतला.

मूळ_प्रकृती

इथे निसर्गोपचाराच्या बाजूने बोललं की लोक अंगावर येतात, तरी बोलते. माझ्या काकूला डॉक्टरांनी सहा महिने सांगितले होते. तिने सगळं सोडून आहार, उपवास आणि वनस्पतींचे काढे धरले. सात वर्षं जगली, शेवटपर्यंत स्वतःची कामं स्वतः करत. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. हजारो वर्षं माणूस वनौषधींवर जगला, त्यात काहीच नाही? औषध कंपन्यांना झाडाचं पेटंट घेता येत नाही म्हणून कुणी अभ्यास करत नाही.

सूक्ष्मदर्शी

मूळ_प्रकृती, अंगावर येत नाही. मी औषधशास्त्र शिकवतो, त्यामुळे झाडांबद्दल मला तुमच्याइतकीच आस्था आहे.

अभ्यास होतच नाही हे मात्र खरं नाही. कुंपणाला लागून उगवणाऱ्या सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कॅन्सरची औषधं निघाली. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये व्हिन्क्रिस्टिन आजही दिलं जातं. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध यू नावाच्या झाडाच्या सालीतून आलं. हिवतापावरचं आर्टेमिसिनिन चिनी वनौषधींच्या जुन्या ग्रंथांतला धागा पकडून तू योयो यांनी शोधलं, त्याबद्दल २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे ज्या केमोला आपण अनैसर्गिक म्हणतो, तिच्यातली कितीतरी औषधं मुळात झाडातलीच आहेत. फरक इतकाच की त्यांची मात्रा ठरलेली असते आणि विषारीपणा मोजलेला असतो. सदाफुलीची पानं कुटून प्यायली तर ना मात्रा कळते ना विष.

आणि जे उपाय तपासले त्यातले काही पडले. जर्दाळूच्या बियांतल्या द्रव्यापासून बनवलेलं लेट्रिल घ्या. १९८२ मध्ये १७८ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. कॅन्सरवर काही उपयोग दिसला नाही, उलट काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ गेलं.

केतकी, तुमच्या बाबतीत तर नेमका अभ्यास आहे. ऑपरेशन न होऊ शकणाऱ्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर अमेरिकेत एक चाचणी झाली. ५५ रुग्ण. एका गटाने केमो निवडली. दुसऱ्याने विशेष आहार, स्वादुपिंडाची एन्झाइम्स, पूरक गोळ्या आणि कॉफीचे एनिमा असलेला उपचार निवडला. कुणाला काय मिळेल हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, रुग्णांनी स्वतःच निवडलं होतं. केमो गटाच्या जगण्याचा मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) १४ महिने आला, दुसऱ्या गटाचा ४.३ महिने. आणि पहिल्या वर्षभरात जगणंही केमो गटाचंच अधिक सुसह्य होतं. हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आयुष्य कमी मिळालं तरी चालेल पण दिवस चांगले जावेत, अशा विचाराने माणूस एनिमाकडे वळतो, आणि दिवसही चांगले जात नाहीत.

केमो काय देते तेही लपवत नाही. पसरलेल्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी चार औषधांची एक जोरकस केमो आहे. २०११ च्या चाचणीत ३४२ रुग्ण होते. जगण्याचा मध्यक जुन्या एका औषधाने ६.८ महिने, या चार औषधांनी ११.१ महिने. पण ते रुग्ण हिंडते-फिरते होते, आणि त्रासही जास्त झाला. बाबांची ताकद किती आहे त्यावर हा प्रश्न ठरतो.

काकूंबद्दल. मध्यक म्हणजे मधली रेघ, निम्मी माणसं तिच्या पलीकडे जगतात. जीवाश्मांचे अभ्यासक स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पोटातला मेसोथेलिओमा (आतल्या अस्तराचा कॅन्सर) झाला, त्याचा मध्यक आठ महिने होता. ते आणखी २० वर्षं जगले, उपचार घेऊन. काकूंची सात वर्षं खरीच आहेत. ती काढ्याने मिळाली की त्या रेघेच्या पलीकडच्या होत्या म्हणून, हे एकट्या काकूंकडे बघून सांगता येत नाही.

हेमंत_प

स्टीव्ह जॉब्सचं उदाहरण आहेच की. स्वादुपिंडाचाच कॅन्सर, आधी आहारावर राहिले, म्हणून गेले.

सूक्ष्मदर्शी

हेमंत, ते उदाहरण इथे जपून वापरायला हवं. त्यांचा आजार स्वादुपिंडातलाच, पण न्यूरोएंडोक्राइन प्रकारचा, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींतला. तो बराच हळू वाढतो आणि ऑपरेशनने काढता येण्याजोगा होता. निदान ऑक्टोबर २००३, ऑपरेशन जुलै २००४, मृत्यू ऑक्टोबर २०११. त्या नऊ महिन्यांनी किती नुकसान केलं हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. केतकीच्या बाबांचा आजार वेगळा आहे.

मूळ_प्रकृती

सूक्ष्मदर्शी, शांतपणे सांगितलंत, आवडलं. एनिमाबद्दलचा तो अभ्यास मला माहीत नव्हता. पण एका गोष्टीचं उत्तर कुणी देत नाहीये. केंद्रातल्या माणसाने पाऊण तास दिला. हॉस्पिटलात किती मिळाला असेल? काकू म्हणायची, डॉक्टर माझ्याशी बोलताना कॉम्प्युटरकडे बघतात. ती काढ्यांकडे गेली ते यामुळेही.

रात्रपाळी

मूळ_प्रकृती यांच्या शेवटच्या मुद्द्यासाठीच लिहायला आले. मी नर्स आहे. १९ वर्षं झाली, त्यातली ११ पॅलिएटिव्ह विभागात, म्हणजे आजाराचा त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या विभागात. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. लोक काढ्याकडे जातात त्याच्या आधी ते ऐकून घेणाऱ्याकडे जातात.

पण हा पाऊण तास वैद्यकातही मिळतो, फक्त तो मागावा लागतो. केमो की निसर्गोपचार या भांडणात तिसरी गोष्ट कुणाला आठवतच नाही. पॅलिएटिव्ह म्हटलं की घरच्यांचे चेहरे पडतात, "म्हणजे आता काही करणार नाही का?" उलट, तिथेच सगळ्यात जास्त करायचं असतं. दुखणं, मळमळ, धाप, झोप, भीती, घरातली भांडणं, सगळं आमच्या कामात येतं. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं. दुखणं उसळायची वाट न बघता घड्याळ लावून औषध द्यायचं, हे त्यांनी ठामपणे रुजवलं. त्या आधी नर्स होत्या, मग डॉक्टर झाल्या, हे मी नव्या मुलींना मुद्दाम सांगते.

हे शेवटच्या आठवड्यात बोलावण्याचं खातं नाही. २०१० साली बोस्टनमधला अभ्यास आला, फुफ्फुसाचा पसरलेला कॅन्सर, १५१ रुग्ण. ज्यांना पहिल्यापासूनच नेहमीच्या उपचारांबरोबर पॅलिएटिव्ह टीमही मिळाली, त्यांचं मन जास्त स्थिर राहिलं, शेवटी आक्रमक उपचार कमी झाले, आणि तरीही ते जास्त जगले. ११.६ महिने विरुद्ध ८.९. शरद, तुमच्या वडिलांना पहिल्या दिवसापासून असं कुणी भेटलं असतं तर "घरी" हा शब्द त्यांना कागदावर लिहावा लागला नसता. तुमचा दोष नाही हो. तुम्हाला कुणी विचारलंच नाही की वडिलांना काय हवंय.

केतकी, मला सगळ्यात खटकलं ते वेदनाशामक बंद करणं. मॉर्फिनचं नाव काढलं की लोक म्हणतात सवय लागेल, मरण लवकर येईल. योग्य मात्रेत दिलं तर दोन्ही भीती निराधार आहेत. बद्धकोष्ठता मात्र नक्की होते, म्हणून पहिल्या गोळीबरोबरच रेचक मागून घ्यायचं. ज्याचं दुखतंय त्याला शांतपणे विचार करता येत नाही. आधी बाबांचं दुखणं थांबवा, मग त्यांना विचारा.

आणि डॉक्टरांना "किती दिवस" विचारू नका. विचारा, "हे औषध घेतलं तर यांचा मंगळवार कसा असेल? नाही घेतलं तर कसा असेल?" त्याचं उत्तर मिळतं.

अश्वत्थ

थोडं विषयांतर. केतकीच्या बाबांना निदान माहीत तरी आहे. आम्ही आजोबांना सांगितलंच नाही. अल्सर आहे म्हणालो. रिपोर्टची फाइल कपाटात लपवायचो. शेवटच्या महिन्यात कळलं की त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, आणि आम्हाला त्रास नको म्हणून तेही अल्सरचंच बोलत होते. चार महिने एका घरात सगळे एकमेकांना जपत एकटे राहिलो.

रानवाट

अश्वत्थ, अंगावर काटा आला. आईच्या बाबतीतही खरं बोललो असतो तर तिची ऑपरेशनची भीती आम्हाला कळली असती. तिला मरणाची भीती नव्हतीच. स्तन काढल्यावर आपण कशा दिसू, याची होती. ते कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

वाटसरू_२

आमच्याकडे सांगितलं आणि आत्या दुसऱ्या दिवसापासून खायची थांबली. सगळ्यांना सगळं सांगावं असा नियम नको. "तुम्हाला कितपत जाणून घ्यायचंय" हे आधी विचारावं.

रात्रपाळी

वाटसरू, अगदी बरोबर. आम्ही तेच वाक्य वापरतो.

अजून_आहे

इथे बोलणारे बहुतेक नातेवाईक आहेत. मी रुग्ण आहे. बीजांडकोशाचा कॅन्सर, चौथी स्टेज, तिसऱ्या प्रकारची औषधं चालू.

मला रोज कुणीतरी काहीतरी पाठवतं. पानं, फळं, दगड, प्राण्यांचं मूत्र. पाठवणाऱ्यांचं प्रेम मला कळतं. पण प्रत्येक निरोपामागे एक न बोललेलं वाक्य असतं, की हे केलं नाहीस तर चूक तुझी. "सकारात्मक राहा" यातही तेच. माझ्या गाठी माझ्या विचारांनी वाढलेल्या नाहीत.

नैसर्गिक म्हणाल तर मी बरंच करते. रोज २० मिनिटं चालते, केमोनंतरच्या आठवड्यातही, जमेल तेवढं. त्या थकव्यावर चालण्याइतका उपयोग मला कशाचाच झाला नाही, आणि व्यायामाने कॅन्सरचा थकवा कमी होतो हे अभ्यासांतही दिसलंय. श्वासाचे व्यायाम करते. मळमळीसाठी ॲक्युपंक्चर घेतलं, गोळ्यांच्या जोडीला. केमोच्या खोलीत दर वेळी तळपायांना मालीश करून घेते, त्या दहा मिनिटांत मी रुग्ण नसते. यातली एकही गोष्ट मी उपचाराऐवजी करत नाही आणि एकही डॉक्टरांपासून लपवत नाही.

केतकी, बाबा केमोला नको का म्हणतात, ते विचारलंस का? मी नको म्हणाले होते तेव्हा मला फक्त उलट्यांची भीती होती, कारण माझ्या मावशीच्या उलट्या मी पाहिल्या होत्या. आता त्यावर कितीतरी चांगली औषधं आहेत. हे मला सांगायला चार माणसं आणि तीन आठवडे लागले.

सूक्ष्मदर्शी

"लपवत नाही" याला माझा जोरदार दुजोरा. सेंट जॉन्स वर्ट ही मन उदास असलं की घेतली जाणारी वनस्पती यकृताला औषध वेगाने मोडायला लावते. इरिनोटेकॅनसारख्या केमोचा परिणाम त्याने घटतो. ॲरिस्टोलोकिया जातीच्या वनस्पतींनी मूत्रपिंडं कायमची निकामी झालेली आहेत. काढा घेत असाल तर घटकांसकट डॉक्टरांना दाखवा. ते रागावले तरी दाखवा.

अर्धविराम

सगळे कॅन्सरबद्दल बोलताय. माझ्या नवऱ्याला एएलएस होता. स्नायू एकेक करून बंद पडत जातात, मन लख्ख राहतं. १९९५ पासून रिलुझोल नावाचं औषध आहे, त्याने काही महिने मिळतात. बाकी सगळीकडे "याला उपाय नाही" ऐकून आम्ही तेल-मसाजवाल्यांकडे गेलो. मसाजने आजार तसूभर हलला नाही. पण आखडलेल्या पायांना रात्री बरं वाटायचं, आणि हातांना करायला काही असल्याने मलाही. मात्र मसाजवाल्याने श्वासाला मदत करणारं मास्कचं मशीन बंद करायला सांगितलं, सवय लागेल म्हणून, तेव्हा मी त्यांना नमस्कार केला. त्या मशीनमुळे हे रात्री झोपायचे आणि सकाळी माझ्याशी बोलायचे.

माझी कसोटी तेव्हापासून एकच आहे. जो काहीतरी देतो त्याला घरात येऊ द्यायचं. जो आहे ते बंद करायला सांगतो त्याला दारातूनच परत पाठवायचं.

शरद_ऋतू

अर्धविराम, ही कसोटी मी लिहून ठेवतोय. फक्त केमोसुद्धा याच कसोटीवर दर महिन्याला घासून बघावी.

केतकीचं_बन

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. उत्तर देईन, पण आत्ता घाईत एक विचारायचंय. आठ दिवसांपासून बाबांना भयंकर खाज सुटलीय. अंगावर पुरळ काही नाही. रात्रभर खाजवतात, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके असतात. काल आईने त्यांच्या हातात तिचे सुती हातमोजे घातले तर ते काढून टाकले आणि कंगवा मागितला पाठीसाठी. केंद्रात फोन केला, ते म्हणाले विषद्रव्यं त्वचेतून बाहेर पडताहेत, उत्तम लक्षण आहे, रस वाढवा. अंगही पिवळट दिसतंय. ते गाजराच्या रसाने होतं म्हणाले.

रात्रपाळी

केतकी, बाबांना उजेडात बसवून डोळ्यांचा पांढरा भाग बघा. गाजराने तळहात पिवळे होतात, डोळे होत नाहीत. लघवी गडद आणि शौचाचा रंग फिकट, मातकट झालाय का?

केतकीचं_बन

डोळे पिवळे आहेत. बाकी दोन्ही पण होय.

रात्रपाळी

ही कावीळ आहे. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ असली की ती पित्तनलिकेवर दाब देते, पित्त तुंबून रक्तात उतरतं, त्याची ही खाज. विषद्रव्यं बाहेर पडत नाहीयेत, आत साठताहेत. तोंडातून दुर्बीण घालून नलिकेत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, बसवतात, रस्ता मोकळा होतो, खाज काही दिवसांत थांबते. केमो घ्या नाहीतर नका घेऊ, हे करायलाच हवं. ताप किंवा थंडी वाजून आली असेल तर आत्ताच्या आत्ता निघा. नसेल तर सकाळी पहिलं काम हेच.

सूक्ष्मदर्शी

अनुमोदन. कावीळ उतरल्याशिवाय बहुतेक केमो देताही येत नाही, म्हणजे दोन्ही मार्ग याच दारातून जातात. तोवर रस, एनिमा सगळं थांबवा. एनिमाने क्षार बिघडले तर नवीनच संकट.

मूळ_प्रकृती

केतकी, लगेच ने गं. खाजेला उत्तम लक्षण म्हणणं हा निसर्गोपचार नाही.

नीलपक्षी

काय झालं ते कळव. सगळे वाट बघतोय.

केतकीचं_बन

१२ दिवसांनी येतेय, माफ करा.

स्टेंट बसला. तिसऱ्या रात्री मी सवयीने दोन वाजता उठून बघितलं तर बाबा कुशीवर झोपले होते, हात उशीखाली. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले.

पॅलिएटिव्हच्या डॉक्टरीणबाई मागून घेतल्या. मागितल्यावर मिळाल्या, रात्रपाळीताई. मॉर्फिनची लहान मात्रा सुरू झाली. जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल दिल्या, त्याने अन्न पचायला लागलं. बाई खुर्ची ओढून बाबांच्या उंचीवर बसल्या आणि म्हणाल्या, तुम्हाला आजाराबद्दल काय कळलंय ते तुमच्या शब्दांत सांगा. बाबा २० मिनिटं बोलले. आम्ही तिघं भिंतीला टेकून ऐकत होतो.

बाबांना केमोची भीती नव्हती. त्यांची धाकटी बहीण केमो चालू असताना हॉस्पिटलात गेली, रात्री, जवळ कुणी नसताना. ती एकटी होती, हे त्यांनी आम्हाला ४० वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. केंद्रात गेल्यावर त्यांना वाटलं, इथे निदान मी घरी तरी असेन. "रसाने कॅन्सर जातो असं मला कधी वाटलं नाही," म्हणाले. दादा खोलीबाहेर गेला, थोड्या वेळाने आला.

मग मंगळवारचा प्रश्न बाबांनी स्वतः विचारला. जोरकस केमो त्यांना झेपणार नाही, यावर दोन्ही डॉक्टरांचं एकमत होतं. सौम्य, एका औषधाची, आठवड्याला एकदा, अर्ध्या दिवसात घरी, अशी एक आहे. बाबांनी पेन मागितलं आणि फाइलच्या मागे लिहिलं. दोन महिने घेईन. मग स्कॅन. वाढलं असेल तर बंद. आयसीयू नको. शेवट घरी. खाली सही आणि तारीख, आणि कागद दादाच्या हातात दिला. दादाने घडी घालून खिशात ठेवला. केंद्रातल्या गृहस्थांनी शिकवलेला श्वासाचा व्यायाम बाबा अजून करतात, डॉक्टरांना सांगून. रस बंद.

शरददादा, दादाला तुमचा प्रतिसाद वाचायला दिला होता. काही बोलला नाही. पण आता बाबांच्या पाठीवरच्या ओरखड्यांना रोज रात्री तो मलम लावतो. दोघांचं त्या वेळी बोलणं चालू असतं, बहुतेक क्रिकेटचं.

रात्रपाळीताई, एक विचारायचं होतं. रेचक रोज देतोय तरी तीन दिवस पोट साफ झालेलं नाही, आज पोट फुगल्यासारखं वाटतंय म्हणतात. बाईंनी रात्री फोन केला तरी चालेल म्हणून नंबर दिलाय, पण आता ११ वाजलेत. सकाळपर्यंत थांबू का?

रात्रपाळी

थांबू नका. आत्ता करा. उलटी झालीय का, पोटात कळा येताहेत का, तेही सांगा त्यांना.

केतकीचं_बन

करते.